दुसऱ्याच्या बेंचवरचा सेंटर: ऑफर शीट टाकावी की नाही?

बाकावरचा

जुलै लागला की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, गप्पा ठरलेल्या. कुठला स्टार कुठे चालला, कोणी कोणाला दगा दिला. मला आज या धाग्यावर संघातल्या आठव्या-नवव्या माणसावरून भांडायचंय. तोही सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, आणि तोही दुसऱ्याच्या संघातला.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: पहिला करार संपलेल्या तरुण खेळाडूला त्याच्या संघाने क्वालिफाइंग ऑफर दिली की तो 'रिस्ट्रिक्टेड' फ्री एजंट होतो. बाहेरचा संघ त्याची ऑफर शीटवर, म्हणजे नव्या कराराच्या प्रस्तावावर, सही घेऊ शकतो. पण जुन्या संघाने दोनेक दिवसांत तोच करार द्यायची तयारी दाखवली, म्हणजे 'मॅच' केलं, की पोरगा परत जुन्या घरी. आयपीएलच्या लिलावातलं राइट टू मॅच कार्ड आठवा.

माझं म्हणणं असं की ज्या संघाच्या कॅपमध्ये (पगारांच्या एकूण मर्यादेत) जागा आहे, पण कुठलाच बडा खेळाडू तिथे यायला तयार नाही, त्याने अशा बॅकअप सेंटरमागे बेधडक लागावं. मोठ्या सेंटरमागे बसलेला पोरगा 12-15 मिनिटं खेळतो, त्याचे आकडे किरकोळ दिसतात आणि भाव पडलेला असतो. त्यात त्याचा संघ मोठ्या सेंटरला पैसे मोजून लक्झरी टॅक्सच्या (पगार फार वाढले की लीगला भरायच्या दंडाच्या) काठावर आलेला. विकणारा अडलेला असताना घासाघीस नाही करायची तर कधी?

ओमर आशिक बघा. 2011-12 मध्ये शिकागो बुल्सकडून, जोआकिम नोआच्या मागे. सामन्याला जेमतेम 15 मिनिटं, 3.1 गुण, 5.3 रिबाउंड. 2012 च्या उन्हाळ्यात ह्यूस्टन रॉकेट्सचा कारभारी डॅरिल मोरी याने त्याला तीन वर्षांचे सुमारे 2 कोटी 51 लाख डॉलर देऊ केले. खरी करामत मांडणीत होती. दोनच मोसम खेळलेल्या पोराला पहिल्या वर्षी किती देता येतं यावर मर्यादा असते, म्हणून पहिलं वर्ष 50 लाख, दुसरं 52 लाखांच्या आसपास, आणि तिसऱ्या वर्षी एकदम दीड कोटीच्या घरात उडी. ह्यूस्टनच्या कॅपवर मात्र तिन्ही वर्षं सरासरी, म्हणजे 84 लाखांच्या आत. शिकागोने मॅच केलं असतं तर त्यांना ही सरासरी मिळणार नव्हती, तिसऱ्या वर्षीचा अख्खा आकडा अंगावर आला असता. शिकागोने हात वर केले. पुढच्या मोसमात आशिक 82 पैकी 82 सामने खेळला, 10.1 गुण आणि 11.7 रिबाउंड.

अशी खरेदी बाजारात कुठे मिळते, सांगा.

कॅपमास्तर

तुम्ही यशस्वी झालेली एक खरेदी दाखवलीत. फसलेल्यांची यादीही काढू की.

डिसेंबर 2011. मालक-खेळाडूंच्या वादातला लॉकआउट संपला आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सनी क्लिपर्सच्या डीआंड्रे जॉर्डनला चार वर्षांचे 4 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले. हा बॅकअप नव्हता, मान्य, पण सेंटरच आणि रिस्ट्रिक्टेडच. जागा करायला वॉरियर्सनी आपला अ‍ॅम्नेस्टीचा (एक करार कॅपच्या हिशोबातून काढून टाकायचा) अधिकार चार्ली बेलवर खर्च केला. हा अधिकार संघाला एकदाच वापरता यायचा, आणि आंद्रिस बिएड्रिन्सचा त्याहून मोठा करार त्यांच्या गळ्यात तसाच राहिला. क्लिपर्सनी मॅच केलं. वॉरियर्सच्या हाती एका वर्षाच्या बोलीवर क्वामे ब्राउन आला.

ऑफर शीट टाकली की समोरचा उत्तर देईपर्यंत तेवढी रक्कम तुमच्या कॅपमधून अडकून पडते, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातले दोन दिवस म्हणजे निम्मा बाजार उठतो. समोरच्याला घाई नसते. तो शेवटच्या तासाला होकार कळवतो आणि तुम्ही बसता हात चोळत.

वर हेही बघा: तुमची बोली तेव्हाच टिकते जेव्हा त्या पोराला रोज सरावात बघणारा संघ म्हणतो, 'नको, एवढ्याचा नाही तो.' म्हणजे जिंकलात तरी जास्तच मोजलेत.

वऱ्हाडी डंक

काहून भाऊ, शिकागोनं 'एवढ्याचा नाही' म्हणून थोडंच सोडलं? मालकाले टॅक्स भरायचा नव्हता. बूझर, डेंग, नोआ, रोझ, सगळ्यांचे मोठे करार, आणि रोझचा गुडघा एप्रिलमध्येच गेलेला. त्याच उन्हाळ्यात कोर्व्हर गेला, ब्रूअर गेला, वॉटसन गेला. अख्खी बेंच मोडली राजेहो. हा खेळाचा हिशोब नाही, गल्ल्याचा हिशोब आहे. आणि धागाकर्ते नेमकं हेच म्हणून राहिले.

ह्यूस्टनवाली

आशिकबद्दल बोलताय तर 10 मे 2012 विसरू नका. फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सहावा सामना, बुल्स 78-77 पुढे, सात सेकंद उरलेले, आशिक फ्री थ्रोच्या रेषेवर. दोन्ही चुकले. रिबाउंड घेऊन इग्वडाला पळाला, त्याला फाउल झाला, त्याने दोन्ही टाकले. 79-78. बुल्स घरी. पहिल्या क्रमांकाचा संघ आठव्याकडून हरला. दोन महिन्यांनी त्याच माणसासाठी मोरीने पैसे उघडले! तेव्हा मीही कपाळावर हात मारून घेतला होता.

आता त्याचा पुढचा भाग. 2013 चे प्लेऑफ, ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध पाचवा सामना. थंडरने ठरवून आशिकला फाउल करायला सुरुवात केली, चुकवेल या हिशोबाने. त्याने 18 पैकी 13 टाकले, 21 गुण, 11 रिबाउंड, आणि रॉकेट्स जिंकले. मालिका सहा सामन्यांत गेली ते सोडा. पण 15 मिनिटं खेळणाऱ्या पोराला 30 मिनिटं दिली की काय होतं, ते जुन्या संघाला कळतंच असं नाही. कॅपमास्तर, 'रोज सरावात बघणारा संघ' हे तुमचं गृहीतक इथे साफ आपटतं.

कॅपमास्तर

आणि तेच आशिकसाहेब 2013 च्या उन्हाळ्यात ड्वाइट हॉवर्ड आल्याबरोबर परत बेंचवर बसले, रुसले, ट्रेड मागू लागले. 2014 मध्ये न्यू ऑर्लिन्सला रवाना. दोन वर्षांचा संसार.

ह्यूस्टनवाली

रवाना झाला, पण बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) आला. आणि गंमत म्हणजे शिकागोला घाबरवायला ठेवलेलं ते दीड कोटीचं तिसरं वर्ष न्यू ऑर्लिन्सच्या मालकाच्या खिशातून गेलं.

कॅपमास्तर

अर्धीच गोष्ट सांगताय तुम्ही. मोरीने त्याच जुलैत, त्याच साच्यातली ऑफर शीट न्यूयॉर्क निक्सच्या जेरेमी लिनलाही दिली होती. 2014 मध्ये लिनचं तिसरं वर्ष लेकर्सच्या गळ्यात घालताना ह्यूस्टनला पदरचा पहिल्या फेरीतला पिक *द्यावा* लागला. एकाने पिक आणला, दुसऱ्याने नेला. हिशोब चुकता.

फिलीकर

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि सिक्सर्सचा चाहता आहे, म्हणजे सहनशक्ती जन्मजात. आशिक जुना झाला हो. अलीकडचं उदाहरण आमच्याकडे आहे, आणि त्यात तोच मोरी तेव्हा सिक्सर्सचा कारभारी म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

पॉल रीड. 2020 च्या ड्राफ्टमध्ये 58 वा, म्हणजे जवळजवळ शेपटाला. जी लीगमध्ये (एनबीएच्या खालच्या लीगमध्ये) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि मग आमचा मुख्य सेंटर एम्बीडच्या मागे बसला. 2022-23 मध्ये सामन्याला 11 मिनिटं. पण त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये एम्बीडचा गुडघा दुखावला आणि नेट्सविरुद्ध चौथ्या सामन्यात रीड पहिल्या पाचात आला: 15 रिबाउंड, मालिका 4-0. बॉस्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात, त्यांच्या घरात, पुन्हा एम्बीड नाही. हार्डनने 45 टाकले म्हणून सगळ्यांना हार्डन आठवतो. रीडचे 13 रिबाउंड होते त्या रात्री.

जुलै 2023 मध्ये युटाने त्याला ऑफर शीट दिली, तीन वर्षं, सुमारे 2 कोटी 36 लाख डॉलर. आता कलम ऐका. पहिलं वर्ष पक्कं. दुसरं आणि तिसरं वर्ष पक्कं कधी होणार, तर संघ कॉन्फरन्सच्या उपांत्य फेरीत (प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत) पोचला तर. युटा कसला पोचतोय? त्या मोसमात ते 31 जिंकले, 51 हरले. आणि सिक्सर्स आधीच्या सहा वर्षांत पाच वेळा तिथवर गेलेले. म्हणजे करार एकच, पण युटासाठी एका वर्षाचा आणि आमच्यासाठी तीन वर्षांचा. वर आम्ही टॅक्स भरणारे.

मोरीने मॅच केलं. दुसरं काय करणार? एम्बीड वर्षाला किती सामने खेळतो हे इथे कोणाला सांगायला नको. त्या मोसमात तो 39 खेळला. रीड 82.

बाकावरचा

हेच तर! रीडला मॅच केलं तरी युटाचं काय बिघडलं? त्यांनी एक कागद पाठवला आणि समोरच्या संघाला टॅक्सच्या खाईत आणखी एक पायरी खाली उतरवलं.

कॅपमास्तर

युटा पश्चिमेत, फिली पूर्वेत. त्यांची गाठ पडणार ती फक्त अंतिम फेरीत. फिलीचे पैसे खर्च झाले म्हणून युटाला कोणता सामना जास्त जिंकता आला? शेजाऱ्याचं घर जळालं म्हणून आपल्या चुलीवर भाकरी भाजत नाही.

वरळीचा आवाज

एक वेगळा मुद्दा. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज खेळले होते, ते इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पहिला सामना ओव्हरटाइममध्ये 132-131. त्या पेसर्समध्ये सबोनिस होता. आदल्या मोसमात तो माइल्स टर्नरचा बॅकअप, बहुतेक वेळ बेंचवरून येणारा. पुढच्या जुलैत रिस्ट्रिक्टेड होणार होता. झाला का? नाही. मुंबईहून परत गेल्यावर दोनेक आठवड्यांतच पेसर्सनी त्याला चार वर्षांचं एक्स्टेंशन (करारवाढ) दिलं. त्याच मोसमात तो ऑलस्टार झाला, आणि 2022 मध्ये त्याच्या बदल्यात हॅलिबर्टन आणला. तोही नेमका किंग्जकडून, मुंबईत ज्यांच्याशी खेळले त्यांच्याकडूनच!

सांगायचा मुद्दा असा की बॅकअप सेंटर खरंच भारी असेल तर शहाणा संघ त्याला बाजारापर्यंत येऊच देत नाही. जुलैत रिस्ट्रिक्टेड म्हणून जे उरतात ते दोन प्रकारचे. एक, ज्यांच्याबद्दल त्यांच्याच संघाला खात्री नाही. दोन, आशिकसारखे, ज्यांचा मालक हात आखडतो. दुसरा प्रकार दहा वर्षांतून एकदा. धागाकर्ते त्या एकावर दुकान मांडून बसलेत.

बाकावरचा

मुद्दा जोरदार आहे, पण उलटही होतं ना. डेन्व्हरने ऑक्टोबर 2023 मध्ये झीक नाजीला असंच आधी बांधून घेतलं, चार वर्षांचे 3 कोटी 20 लाख. मुख्य सेंटर योकिचच्या मागे कोणीतरी हवा म्हणून. पुढे योकिच बसला की डेन्व्हरची पळापळ चालूच, आणि 2025 मध्ये व्हालान्चुनासला आणायची वेळ आली. बाजारापर्यंत येऊ दिलं असतं तर नाजीवर एवढ्याची बोली कोणी लावली असती? संघांना आपला माणूस ओळखता येतोच असं नाही, दोन्ही बाजूंनी.

वरळीचा आवाज

मग ओळखता येत नसेल तर बाहेरच्याला जास्त ओळखता येतं, हे कुठून आलं?

सहावा माणूस

सगळे संघांच्या बाजूने बोलताय. पोराच्या बाजूने कोणी बोलेल का?

बोबान मार्यानोविच. 2016 मध्ये सॅन अँटोनियोत. सव्वासात फुटांहून उंच माणूस, वयाच्या सत्ताविशीत एनबीएत आलेला, सगळ्यांचा लाडका, पण मिनिटं मोजून. डेट्रॉइटने तीन वर्षांचे 2 कोटी 10 लाख डॉलर देऊ केले. स्पर्सनी मॅच केलं नाही, त्यांना पाव गॅसोलसाठी जागा हवी होती. डेट्रॉइटमध्ये ड्रमंड आणि बेन्सच्या मागे तो तिसरा. पहिल्या मोसमात 35 सामने, प्रत्येकी आठेक मिनिटं. खेळाच्या दृष्टीने डेट्रॉइटला काही मिळालं नाही म्हणा. पण त्या माणसाच्या आयुष्याची सोय झाली की नाही? 58 व्या नंबरच्या रीडला साधारण 77 लाख वर्षाला मिळाले, ते युटाने कागद पाठवला म्हणून. फिली आपण होऊन देणार होती का तेवढे?

रिस्ट्रिक्टेड हा शब्दच पोराच्या पायातली बेडी आहे. ऑफर शीट येते तेव्हा ती थोडी सैल होते. म्हणून माझं मत: टाका, भरपूर टाका.

फिलीकर

एकदम पटलं. फिलीने आपण होऊन तेवढे दिले नसते, हे लिहून देतो.

कॅपमास्तर

सहावा माणूस, पोराचं भलं होतं हे मान्य. पण धाग्याचा प्रश्न संघाने काय करावं हा आहे. संघ म्हणजे अन्नछत्र नव्हे. आणि बोबानच्या करारातून डेट्रॉइटला जे मिळालं ते एवढंच: जानेवारी 2018 मध्ये ब्लेक ग्रिफिन आणताना टोबायस हॅरिस आणि ब्रॅडलीबरोबर त्याचा पगार ट्रेडचं वजन भरायला कामी आला.

बरं, आता पोर्टलंडचं बघा. 2015 मध्ये ऑल्ड्रिज गेला, कॅपमध्ये जागाच जागा. त्यांनी एनिस कँटरला चार वर्षांचे 7 कोटी डॉलर देऊ केले. ओक्लाहोमात तो स्टीव्हन अ‍ॅडम्सच्या मागे खेळणार हे दिसत होतं. बेंचवरच्या माणसाला सात कोटी! आपला स्टार ड्युरंट पुढच्याच वर्षी मोकळा होणार म्हणून घाबरलेल्या ओक्लाहोमाने मॅच केलं.

वऱ्हाडी डंक

मग पोर्टलंडचं भलंच झालं ना भाऊ! कँटरनं 21 मिनिटांत 12.7 गुण, 8.1 रिबाउंड काढले खरे, पण बचावात पार चाळण. 2017 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध कोच डोनोव्हन बेंचवर बसून सहायकाले म्हणून राहिला, 'कँटरला खेळवता येत नाही', आणि कॅमेऱ्यानं ओठ टिपले. अख्ख्या जगानं वाचलं. सात कोटीचा माणूस अन् प्लेऑफमध्ये बसवून ठेवायचा! त्याच सप्टेंबरात कार्मेलोच्या ट्रेडमध्ये न्यूयॉर्कला पाठवला.

अन् पुढचं ऐका. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यूयॉर्कनं त्याले मोकळं केलं, आणि पोर्टलंडनं तोच कँटर चिल्लरीत उचलला. मार्चमध्ये नुर्किचचा पाय मोडला, कँटर पहिल्या पाचात गेला, अन् पोर्टलंड वेस्टच्या फायनलपर्यंत. जो माणूस सात कोटीत मिळाला नाही, तो चार वर्षांनी फुकटाच्या भावात.

कॅपमास्तर

तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, कळतंय ना?

वऱ्हाडी डंक

मी कोणाच्याच बाजूनं नाही बाप्पा. मी कँटरच्या विरोधात आहे.

ह्यूस्टनवाली

नियमच बदलला तर? 2024 च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव झाला, तेव्हा राइट टू मॅचमध्ये नवी मेख मारली होती. जुन्या संघाने कार्ड काढलं की सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला आणखी एकदा वाढवायची संधी. अर्शदीपवर हैदराबादची बोली 15.75 कोटीला थांबली, पंजाबने कार्ड काढलं, हैदराबादने 18 कोटी केले, पंजाबला 18 मोजावे लागले. एनबीएत हे असतं तर ही विषारी कलमं, हे दीड कोटीचं तिसरं वर्ष, काहीच लागलं नसतं. आज बाहेरच्या संघाच्या हातात एकच डाव आहे, म्हणून तो त्यात सगळा दारूगोळा भरतो.

वरळीचा आवाज

आणि मॅच झालेल्या खेळाडूला वर्षभर त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही, बोली लावणाऱ्या संघाकडे तर वर्षभर अजिबातच नाही. म्हणजे युटाला नंतर मागच्या दारानेही रीड मिळणार नव्हता. मला तर वाटतं सरळ मोकळ्या फ्री एजंटमागे लागावं. हार्टनस्टाइन 2022 मध्ये निक्सना दोन वर्षांच्या 1 कोटी 60 लाखांत मिळाला, कोणाच्या परवानगीशिवाय. मिचेल रॉबिन्सनचा बॅकअप म्हणून आला आणि 2024 मध्ये ओक्लाहोमाने त्याला तीन वर्षांचे 8 कोटी 70 लाख दिले. 2025 मध्ये विजेतेपद.

बाकावरचा

हार्टनस्टाइनसारखे मोकळे मिळाले तर मी तरी कशाला ऑफर शीट टाकू? पण त्याच्यामागे दहा संघ लागतात, आणि त्यातल्या नऊ शहरांत युटापेक्षा रात्री जास्त दिवे असतात. रिस्ट्रिक्टेडच्या दारात गर्दी नसते, कारण कॅपमास्तरांसारखे सगळे दोन दिवसांना घाबरतात.

एवढं मात्र बदलतो: 'बेधडक' हा शब्द मागे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नव्हे, बाजार ओसरल्यावर टाका, तेव्हा दोन दिवस अडकले तर कोणाचं काही जात नाही. आणि ज्या संघाच्या मालकाला टॅक्सची धास्ती आहे त्याच्यावरच टाका. ओक्लाहोमाला ड्युरंटची भीती होती, फिलीला एम्बीडच्या गुडघ्याची. असा घाबरलेला संघ मॅच करणारच. शिकागोला भीती फक्त बिलाची होती, म्हणून आशिक निसटला.

कॅपमास्तर

हे मला 80 टक्के मान्य. उरलेले 20 टक्के असे की मालकाला नक्की कशाची भीती आहे, हे तुम्हाला जुलैत कोण सांगणार?

फिलीकर

रीडचं पुढे काय झालं ते राहिलंच. मे 2024 मध्ये आम्ही पहिल्याच फेरीत निक्सकडून सहा सामन्यांत हरलो, शेवटचा सामना आमच्याच घरात 118-115. म्हणजे उपांत्य फेरी नाही, म्हणजे रीडचं दुसरं-तिसरं वर्ष पक्कं नाही. फिलीला अडकवायला लिहिलेल्या कलमानेच फिलीची सुटका केली. जुलैत मोरीने त्याला सोडून दिला, ड्रमंडला घेतलं, आणि पुढच्या मोसमात एम्बीड 19 सामने खेळला. आम्ही 24-58.

रीडला डेट्रॉइटने वेव्हरवरून (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचलला. ना ऑफर शीट, ना दोन दिवसांची वाट. त्या वर्षी ते 44-38 झाले आणि प्लेऑफमध्ये गेले.

सहावा माणूस

पण डेट्रॉइटला जो करार मिळाला तो युटानेच लिहिलेला होता ना? 77 लाखांचा आकडाही युटाचाच.

फिलीकर

हो. आणि युटाला त्यातलं काहीही मिळालं नाही.